सदुसष्ट अंश आणि माझं झाकण

दुपारचं जेवण झालंय, मांडीवर लॅपटॉप आहे, अंगावर गोधडी आहे, आणि मी झोपलेली नाही. कुणी विचारलं तर हेच सांगायचं. स्क्रीनवर दोन यंत्रं शेजारी शेजारी उभी आहेत. दोन्ही विजेवरची, आणि दोन्हींत घरच्या बिअरचं सगळं काम एकाच भांड्यात होतं. बार्लीची भरड गरम पाण्यात मुरवा, गाळा, उकळा, गार करा. डावीकडचं फोनवर चालतं आणि अर्ध्या अंशाचाही फरक पडू देत नाही. उजवीकडच्याला दोन बटणं, बस्स.

आज एक मागवायचंच आहे. सहा आठवड्यांनी ह्यांना जाऊन वर्ष होतंय, बिअर तयार व्हायला महिना लागतो, आणि माझ्या कमरेला आता ते तीस लिटरचं उकळतं पातेलं उचलवत नाही. वर्षश्राद्धाच्या संध्याकाळी इथं हॅमिल्टनमधले सगळे जुने स्नेही येणार, त्यांना ह्यांच्या हातची चव द्यायची, असं मी बोलून बसलेय. गेल्या महिन्यात शेजारच्या ग्रॅहमचं यंत्र मागून आणलं आणि ह्यांची वही समोर ठेवून शब्दाला शब्द केलं. काकवी झाली नुसती. अजिंक्य, माझा मुलगा, एक घोट घेऊन म्हणाला, "आई, राहू दे. दुकानातून आणू." फार लागलं मला ते.

पापण्या जड होतायत. गोधडीला अजून भाजलेल्या बार्लीचा वास आहे. गॅरेजात बिअर करताना भरडीचं पातेलं हे हिच्यातच गुंडाळायचे, तासभर ऊब राहावी म्हणून. ते गेल्यापासून ती कपाटात होती, आजच काढलीय.

"अगं, डावीकडचं नको."

हे सोफ्याच्या कडेला बसलेत. अंगात त्यांच्या नोकरीतला, डेअरीचा पांढरा कोट, पायात गॅरेजमधल्या सपाता. दचकायला हवं, पण मला रागच येतो.

"वर्षानं उगवलात, आणि आल्या आल्या हे नको, ते नको!"

"मग काय करू? चुकीचं बटण दाबायला निघालीस तू."

मी उठते तर पायाखाली गॅरेजची फरशी. नाही, सांगलीला माझ्या माहेरच्या स्वयंपाकघरातली शहाबादी. ओट्यावर मात्र आमचं हॅमिल्टनचंच पातेलं, गोधडीत गुरफटलेलं.

"वहीत काय लिहिलंय?" हे विचारतात.

"सदुसष्ट अंश, एक तास. खाली दोन रेघा मारल्यात तुम्ही."

"आणि तो तासभर तू काय करायचीस?"

"मी काय करणार? हात लावू देत होतात का मला!"

"शालन."

असं नाव घेतलं की मला खोटं बोलता येत नाही. "झाकण उघडून बघायचे," मी म्हणते. "घडीघडी. भात ठेवला तरी बघतेच ना? सवय आहे हाताला."

"आणि मी ओरडायचो."

"ओरडायचात? घर डोक्यावर घ्यायचात! 'वाफ गेली, अंश गेले, वाटोळं केलंस!' वीस वर्षं ऐकलंय मी. चारचौघांत सुद्धा."

"ग्रॅहमच्या यंत्राचं उघडलंस?"

"कशाला? आकडा बाहेरच दिसतो की."

हे हसतात. आम्ही डेअरीच्या लांब हॉलमधून चालतोय. दोन्हीकडे चकचकीत विजेची भांडी, प्रत्येकावर सदुसष्ट, एकही आकडा हलत नाही.

"तुझ्या आईच्या आजारपणात तू सांगलीला गेली होतीस बघ," हे म्हणतात. "तेव्हा एकट्यानं केली मी. झाकणाला कुणाचा हात नाही. कशी झाली माहितेय?"

"कशी?"

"काकवी."

मी जागच्या जागी थांबते.

"सदुसष्टावर सुरू करून हळूहळू त्रेसष्टावर उतरायला हवं," हे म्हणतात. "तेव्हा गोडी मोडते, मग तो हलका, कोरडा घोट लागतो. ती उतरण तुझ्या झाकणाची होती गं. मी ती सगळी बिअर मोरीत ओतली आणि गप्प बसलो."

"पण मला तरी सांगायचंत!"

"लोक माझ्या हाताला चव आहे म्हणत होते." हे सपातांकडे बघतात. "आणि ओरडलो की तू हट्टानं जास्तच उघडायचीस. तेच हवं होतं मला."

"लबाड कुठले!" मला हसू येतंय आणि डोळे भरून वाहतायत. "वीस वर्षं! अहो, मला वाटायचं, मी तिथं तुम्हाला नकोशी होते."

"वेडी आहेस. तू यायचीस म्हणून तर गॅरेजात करमायचं."

पातेलं पुन्हा समोर आहे. "बघ गं जरा," हे म्हणतात, "झालं का?" वीस वर्षांत कधी असं म्हणाले नव्हते. मी गोधडी सोडते, झाकण उचलते. वाफ तोंडावर येते. पळीनं चार थेंब तळहातावर घेऊन चाटते आणि सांगायला वळते.

सोफा. खिडकीतून ऊन आलंय. फ्रीज घरघरतोय.

"अहो?" कुणी नाही हे माहीत असून मी म्हणतेच.

मग डोळे पुसून उजवीकडचं यंत्र मागवते. त्याचा हीटर मधेच बंद करता येतो, आणि गोधडी त्याला नीट बसेल. वही काढून ह्यांच्या दोन रेघांखाली लिहिते, "शालननं घडीघडी झाकण उघडावं."

पेन ठेवताना तळहाताला काहीतरी टोचतं. बार्लीचं टरफल. गोधडीच्या टाक्यांत अडकलेलं असेल एखादं, मी म्हणते. पण गोधडी वर्षभर कपाटात होती, आणि हे टरफल ओलं आहे. कोमट आहे.