मोगऱ्याची गाठ

आमच्या जुन्या ट्रॅक्टरच्या वायरी उंदरांनी खाल्ल्या. मुलगा म्हणाला, "शुक्रवारपर्यंत चालू झाला नाही, तर भंगारात देतो." तो ट्रॅक्टर मी वीस वर्षं स्वतः चालवलेला. मी तंजावूरहून एक वायरमन बोलावला. त्याचं नाव विचारलं नाही, मला कामाशी काम.

माणूस वाळका, कानामागे टेस्टर खोचलेला. नव्या वायरी त्याने सायलेन्सरपासून लांबून नेल्या आणि चार-चार बोटांवर दोऱ्याने एकत्र बांधल्या. दोरा पायाच्या अंगठ्यात धरून तो गाठ मारायचा. देवळापुढे मोगऱ्याचे गजरे असेच बांधतात.

"ट्रॅक्टर आहे, नवरी नाही," मी म्हटलं.

"माझी आई फुलं विकायची, अम्मा. या गाठीतून मोगरा गळत नाही, वायर काय गळणार?"

स्टीअरिंगजवळ त्याने वायर सैल सोडली. मी म्हटलं, ओढून बांध. तो म्हणाला, "चाक वळवून बघा." मी वळवलं आणि सैल वायर बरोबर पुरली. माझी चूक दाखवणारे फार नाहीत.

तेवढ्यात मुलगा येऊन बॉनेटला टेकला आणि भंगारवाल्याशी फोनवर बोलू लागला. वायरमनने आधी माझ्याकडे पाहिलं, मग हॉर्नच्या बटणाकडे. मी बटण दाबलं. मुलगा दचकला, फोन शेणात पडला.

"हॉर्न चालतो, अम्मा," वायरमन गंभीरपणे म्हणाला.

मग मी इंजिन सुरू केलं. शेणातून भंगारवाला हॅलो हॅलो करत होता. मी सीटवरूनच त्याला ओरडून सांगितलं, "ऐकू येतंय ना? मग ठेव फोन."