बारा इंची की पंधरा इंची

माझ्या अँप्लिफायरचा स्पीकर फाटला तेव्हा जयंती अगदी तोंडावर आली होती. मी म्हटलं, बोंबला! विहारातल्या आमच्या गाण्याच्या पार्टीत पेटी आहे, ढोलक आहे, दोन गाणारे आहेत, पण लोक वाट पाहतात ती माझ्या स्टील गिटारची. ही बढाई नाही, बरं का. मांडीवर आडवी घेऊन वाजवायची स्टील गिटार पूर्वी भिलाईत पुष्कळ घरांत होती. पण खाली पेडलं असलेली, चार पायांवर उभी राहणारी गिटार मी तरी माझ्याशिवाय कोणाकडे पाहिली नाही. माझा साळा परदेशातली नोकरी सोडून आला तेव्हा ती सुटी करून, स्वेटरांत गुंडाळून घेऊन आला आणि म्हणाला, "भाऊजी, मले काही जमली नाही. तुमीच सांभाळा."

डाव्या हातात पोलादाची दांडी धरून ती तारांवरून सरकवायची. उजव्या हाताच्या बोटांत नख्या घालून तारा छेडायच्या. डाव्या पायानं पेडल दाबलं की तार ताणली जाते आणि सूर वर चढतो. उजव्या पायाखालचं पेडल आवाज लहानमोठा करतं. दोन हात आणि दोन पाय, आणि या चौघांवर हुकूम चालवणारे दोन कान. त्या कानांपायीच तेव्हा माझी पाचावर धारण बसली. ती अजून पुरती सुटलेली नाही.

स्पीकर घ्यायला मी पॉवर हाऊसच्या बाजारात गेलो. स्कूटी पोरीनं चालवली. ती कॉलेजात जाते, घरी मराठी बोलते आणि उंबरा ओलांडला की हिंदी. दुकानदारानं माझा अँप्लिफायर टेबलावर घेतला आणि दोन स्पीकर काढले. एक पंधरा इंची, काळ्या कागदाच्या कोनाचा, उचलताना कंबर धरावी असा जड. दुसरा बारा इंची, मधोमध चकचकीत ॲल्युमिनियमची टोपी. गिटार मी सुटी करून, मांडीवर धरून सोबत नेलीच होती. तिथेच फूटपाथच्या कडेला मांडली.

पंधरा इंचीवर आधी वाजवलं. कोणी गोधडीत तोंड घालून गातंय असं वाटलं. खालचे सूर भरदार होते, पण वरच्या तारा कुठे गेल्या ते कळेना. मग बारा इंची लावला आणि जीव भांड्यात पडला. वरची तार कशी स्वच्छ, समोर उभी राहिल्यासारखी!

"बाबा, ये वाला कान में घुस रहा है," पोरगी म्हणाली. "खरंच. सुई टोचल्यासारखं होऊन राहिलं."

"गाढवापुढे वाचली गीता," मी म्हणालो. "याले क्लॅरिटी म्हणतात, बाई."

दुकानदारही म्हणाला, "अंकलजी, स्टील गिटार के लिए पंद्रह ही अच्छा रहेगा। गोल आवाज है।" मी त्याच्याकडे असं पाहिलं की बापड्यानं पंधरा इंची उचलून परत फळीवर ठेवला. मला वाटलं, जड माल खपत नसेल याचा. बारा इंची बांधून घेतला आणि परतीच्या वाटेवर पोरीला सूर आणि गोंगाट यांतला फरक समजावत राहिलो.

रविवारी सकाळी विहाराच्या हॉलमध्ये तालीम होती. पार्टीतले आम्ही सगळे स्टील प्लांटचे. ढोलकवाला ब्लास्ट फर्नेसमधून रिटायर झालेला, पेटीवाला फोर्ज शॉपचा, गाणारे दोघे माझ्याच रोलिंग मिलचे. मागे बाया निळ्या पताका दोरीला चिकटवत होत्या. त्यांत माझी बायको होती आणि पोरगीही. मी गाण्याआधीचा तुकडा वाजवला, वरच्या तारेवर नेऊन सोडला आणि पार्टीकडे पाहिलं.

"वा भाऊ! आता दिसून राहिला आवाज!" ढोलकवाला ओरडला. पेटीवाल्यानं मान डोलावली. गाणाऱ्यांतला एक म्हणाला, "एकदम कडक. हाच ठेवा, बदलू नका." मी पोरीकडे विजयी मुद्रेनं पाहायला मान वळवली.

मागे एका म्हातारीनं पदर कानावर दाबून धरला होता. तिच्या शेजारचं तान्हं बाळ तोंड वासून रडत होतं. पताका तशाच मांडीवर टाकून दोघीतिघींनी कानांत बोटं घातली होती. आणि माझ्या बायकोनं हात वर करून मूठ आवळली होती.

ही मूठ सांगायला हवी. मिलमध्ये कोणी कोणाशी तोंडानं बोलत नाही, बोललं तरी ऐकू येत नाही. क्रेनवाल्याला खालून हातानं सांगायचं असतं. तळहात उपडा करून हलवला म्हणजे हळू खाली, उघडा पंजा म्हणजे चालू दे, आवळलेली मूठ म्हणजे थांब. पोरगी लहान असताना मी तिला हा खेळ शिकवला आणि तो घरभर झाला. चहात साखर घालतानाही आमच्याकडे मूठ आवळतात. मूठ दिसली की प्लांटचा माणूस विचार करत नाही. मी हात उचलला.

आवाज थांबला आणि मला समोरचं चित्र कळलं. पुढे आम्ही, फर्नेसचे, फोर्जचे, मिलचे, खुशीत डोलणारे. मागे ज्यांनी कधी प्लांटचं गेट ओलांडलं नाही ते सगळे कान झाकून. ज्यांना पंच म्हणून मी विचारलं होतं ते सगळे माझ्यासारखेच होते. ढोलकवाला अजून म्हणतच होता, "काय झालं? बंद कावून केलं?"

मी म्हणालो, तार उतरली. आणि सगळं आवरून घरी आलो.

त्या संध्याकाळी पोरीनं मोबाईलवर कसलंसं ॲप काढलं आणि मला दिवाणावर बसवलं. ते एकेक सूर वाजवत वर चढत जातं. ती विचारायची, "आता?" मी म्हणायचो, "हाव." "आता?" "हाव." मग ती नुसतीच माझ्याकडे पाहत बसली.

"लाव ना पुढचा," मी म्हणालो.

"बाबा," ती म्हणाली, "केव्हाचं वाजून राहिलं."

मी हसलो. खरंच हसलो, मला वाटलं पोरगी मस्करी करते आहे. तेवढ्यात बायको स्वयंपाकघरातून पिठाच्या हातानं बाहेर आली, माझ्या समोर उभी राहिली आणि पोरीला म्हणाली, "बंद कर ना ते! दोनदा सांगितलं, डोकं उठलं माझं." दोन दारांपलीकडे, कुकर चालू असताना, तिला ते ऐकू येत होतं. माझ्यापासून ते हातभर अंतरावर वाजत होतं. आणि तिनं दोनदा सांगितलेलं, तेही मला ऐकू आलं नव्हतं.

तोंडचं पाणी पळणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. गेल्या काही वर्षांत कॉलनीतले मच्छर कमी झाले असं मी सगळ्यांना सांगत होतो, फवारणी चांगली होऊन राहिली म्हणून. मच्छर होते तिथेच होते. त्यांची गुणगुण तेवढी माझ्यापुरती संपली होती.

"तुमाले काय वाटते," बायको हात पुसत म्हणाली, "मी दरवेळेस समोर येऊन कावून बोलते? मागून हाक मारली तर तुमी वळत नाही. तोंड दिसलं तर समजते तुमाले."

"मग सांगितलं कावून नाही?"

"तुमी भ्याल म्हणून."

मी चिडलो. भीती वाटली की मी आधी चिडतो, हा माझा स्वभाव आहे. म्हणालो, सगळ्यांनी मिळून मला येड्यात काढलं. म्हणालो, माझ्याच घरात माझीच चोरी. मी चिडत होतो आणि तिच्या ओठांकडे पाहत होतो, आणि आपण ओठांकडे पाहतो आहोत हे आयुष्यात पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं. मग मात्र मी बसलो ते बसलोच.

दवाखान्यात त्यांनी मला काचेच्या खोलीत बसवलं, कानावर हेडफोन दिले, हातात बटण. आवाज आला की दाबा. दार लागलं आणि मला फक्त माझ्या कानांतली शिट्टी ऐकू यायला लागली. बारीक, न थांबणारी. ती कधीपासून होती कोण जाणे, मी तिला पंख्याचा आवाज समजत होतो. काचेपलीकडे बायको बसली होती. मी बटणावर अंगठा ठेवून वाट पाहत होतो आणि मला कळत नव्हतं की अजून काही वाजवलंच नाहीये, की वाजून गेलं. इतका मी क्रेनमधून सुटलेल्या तापल्या पोलादाच्या बिलेटलाही कधी भ्यालो नव्हतो. अंगठा घामानं बटणावरून सटकत होता.

डॉक्टरीणबाई वयानं पोरीएवढ्या. माझ्यासमोर खुर्ची ओढून सावकाश म्हणाल्या, "जो गया वो वापस नहीं आएगा। जो बचा है, उसे बचाइए।" कानाला मशीन लावता येईल, बोलणं समजेल. मी गिटारचं विचारलं. त्या म्हणाल्या, संगीताचं खात्रीनं सांगता येत नाही. येताना रिक्षात बायकोनं माझा हात धरला होता. मला सारखं वाटत होतं की ती काही बोलते आहे, म्हणून मी वळून वळून तिच्या तोंडाकडे पाहत होतो. ती काहीच बोलत नव्हती.

गिटार विकून टाकू, असं मी घरी जाहीर केलं. "जे ऐकू येत नाही ते वाजवायचं कसं? उद्या बेसूर वाजलो तर लोक तोंडावर वा वा म्हणतील आन् मागून हसतील."

"आदी तो स्पीकर बदलून आणा," बायको म्हणाली. "मी येते. तुमी वाजवा, मी ऐकते."

तिनं कधी माझ्या वाजवण्याबद्दल बरंवाईट म्हटलं नव्हतं. त्याच फूटपाथवर, त्याच दुकानासमोर ती प्लास्टिकच्या स्टुलावर पदर खोचून बसली. दुकानदारानं पंधरा इंची लावला. मी वाजवलं. मला पुन्हा तीच गोधडी. वरच्या तारेवर गेलो तर बोटाला तार लागते आहे, दांडी थरथरते आहे, आणि ऐकू येते आहे ती फक्त नखीची टकटक. माझा हात आपोआप अँप्लिफायरच्या बटणाकडे गेला, वरचा आवाज वाढवायला. तिनं उपडा तळहात हलवला. खाली. मी थोडं उतरवलं. अजून खाली. मी उतरवलं, आणि मला वरचं काहीच उरलं नाही. तिनं मूठ आवळली.

"हे बरोबर आहे," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "असं वाजवत होते तुमी, पहिले."

जयंतीच्या संध्याकाळी हॉल खच्चून भरला. निळ्या पताका, कूलरची घरघर, दारापर्यंत माणसं. बायको पहिल्या रांगेत, माझ्या अगदी समोर. मी अँप्लिफायरच्या बटणांना हात लावायचा नाही असं ठरलं होतं. वाजवायला लागलो. खालचे, मधले सूर मला ऐकू येत होते. वरचे मी जुन्या सवयीनं वाजवत होतो, अंधारात जिना उतरावा तसा. एक गाणं झालं, दुसरं झालं. मागच्या रांगेत कोणी कान झाकला नव्हता.

शेवटच्या गाण्याचा शेवट माझा एकट्याचा असतो. तार दाबायची नाही, नुसता तळहात टेकवून उचलायचा, की घंटीसारखा बारीक सूर निघतो. मग उजव्या पायानं पेडल हळूहळू दाबत तो विझू द्यायचा नाही. हॉल शांत झाला. मी तळहात टेकवला, तार छेडली, हात उचलला. काही नाही. कूलर आणि माझ्या कानांतली शिट्टी. निघाला की नाही निघाला? सूर निघालाच नसेल तर मी शेकडो माणसांसमोर रिकाम्या तारेवर वाकून बसलो होतो.

मी बायकोकडे पाहिलं. तिचा पंजा उघडा होता.

चालू दे. म्हणजे वाजत होतं. तिच्या मागे ती तालमीच्या वेळची म्हातारी डोळे मिटून बसली होती, आणि पोरगी तोंडावर हात धरून माझ्याकडे पाहत होती. सगळा हॉल तो सूर ऐकत होता, एकटा मी सोडून. मी पाय हळूहळू दाबत गेलो आणि त्या पंज्यावरून नजर काढली नाही. तिनं मूठ आवळेपर्यंत मी पाय उचलला नाही.