खाडीच्या बाजूने खेळणारी

शेजारच्यांच्या फोनवर वैशूचा आवाज आला, तेव्हा माझे हात धुण्याच्या पाण्याने ओले होते. "मावशी, आई गेली," एवढंच ती म्हणाली, आणि मग पलीकडून नुसता श्वास ऐकू येत राहिला. ताई जाणार हे आम्हाला दिवाळीआधीपासून ठाऊक होतं. मुंबईच्या डॉक्टरांनी तपासून तिला घरी पाठवलं होतं. तरी पेणहून एस.टी.त बसले तेव्हा वाटत होतं, आपण पोचेपर्यंत ती उठून बसलेली असेल. गडबच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही अंगांना कापलेलं भात आडवं पडलं होतं. रोह्याच्या पुलाच्या अलीकडे, अष्टमीला उतरले. ताईच्या खोलीबाहेर, पायरीवर, तिचा दीर शांताराम डोकं खाली घालून बसला होता. मला बघून त्याने बाजूला सरकून वाट दिली. आत मात्र तो शेवटपर्यंत गेला नाही…

माझी थोरली बहीण शालन. आम्ही पेणच्या बाजारपेठेत वाढलेल्या मुली, खाडी आम्ही फक्त मासळीवालीच्या पाटीत पाहिलेली. ताईचं लग्न खारेपाटातल्या गावात झालं, जिथे शेताच्या बांधापलीकडे थेट भरतीचं पाणी उभं राहतं. पहिल्या वर्षी ती माहेरी आली की घाबरून सांगायची, "रात्री पाणी बांधाला धडका देतं गो, आणि हे घोरत असतात." दत्तारामभावोजी हसायचे. हळूहळू तीही त्या पाण्याला सरावली. भाताची लावणी शिकली, बोलणंही सासरचं झालं. वैशू झाली. मला वाटतं, ताई त्या काळात सुखी होती. ती तसं कधी म्हणाली नाही, पण माहेरून परत निघायची तिला घाई असायची.

मग श्रावणातल्या एका अमावास्येला, भर दुपारी, उधाणाने बांध चिरला. खारेपाटात बांधाला खांड पडली की ज्याला कळेल त्याने हाका मारायच्या आणि सगळ्यांनी धावून माती, पेंढा, दगड, मिळेल ते त्या भगदाडात टाकायचं, अशी रीत. भावोजी आधी पोचले. त्यांनी हाका मारल्या. लोक आले ते थोडे, कारण पाणी आत शिरलंय म्हटल्यावर ज्याला त्याला आपलं घर दिसत होतं. शांताराम गोठ्यातले बैल सोडवायला वळला. तेवढ्यात बांधाचा मोठा तुकडा भावोजींसकट खाली बसला. ओहोटी लागल्यावर ते बांधाबाहेरच्या तिवरांच्या झाडीत सापडले.

ताई रडली नाही. दिवसकार्य झाल्यावर ती दिराला एवढंच म्हणाली, "बैल वाचले ना तुमचे?" आणि वैशूला घेऊन निघाली. मी पेणला ये म्हटलं, पण ती पार रोह्याला गेली. कंपनीत पॅकिंगचं काम धरलं, अष्टमीत खोली घेतली. "इथे खारं पाणी दारात येत नाय," हे तिचं कारण.

खेळाची सुरुवात वैशूच्या काविळीत झाली. पोर महिनाभर घरात पडून होती. एका संध्याकाळी तिने विचारलं, "आई, बाबा पळाले का नाहीत?" ताई उठली. साडीच्या खोक्याचा पुठ्ठा उलगडला आणि त्यावर वैशूच्या पेन्सिलीने खाडी काढायला लागली. ही खाडी, हा बांध, ही आतली शेतं, इथे बाबा उभे होते… सांगता सांगता तिने बांधावर चिंचोके मांडले आणि खाडीत शिंपल्या. दुसऱ्या दिवशी शेजारच्या रशिदाभाभी वैशूला बघायला आल्या आणि त्याही बसल्या. असा त्याचा खेळ झाला.

एक जण खाडी व्हायचा, बाकीचे शेतकरी. प्रत्येक शेतकऱ्याला पाळीला तीन चिंचोके मिळत. ते आपल्या शेतात पेरायचे, नाहीतर सगळ्यांच्या बांधावर टाकायचे, नाहीतर बांधाबाहेर तिवर लावायचं. तिवर वाढायला फार पाळ्या लागत, पण एकदा वाढलं की भरतीचा जोर तिथे निम्मा होई. खाडीने कवड्या टाकायच्या, त्यावरून भरती किती ते ठरायचं, आणि मग बांधावर कुठे धडक मारायची ते तिने निवडायचं. तिथे चिंचोके कमी पडले की खांड. ज्या शेतात शिंपली पडली तिथे बराच काळ काही पिकत नसे. शेवटी ज्याचं शेत भरलेलं तो जिंकला. त्यामुळे व्हायचं काय, बांधावर दुसरा कोणीतरी टाकील म्हणून जो तो आपलं शेत भरत बसायचा. मी सुद्धा. रशिदाभाभी तर उघडच म्हणायच्या, "मी आपलं माझं पेरते, बाई."

खाडी कायम ताईच व्हायची. शिंपल्या दुसऱ्या कोणाच्या हातात तिने दिल्या नाहीत. पुढे वाकून ती बांधावरून नजर फिरवायची आणि बरोबर लंगड्या जागी यायची. एकदा वैशूचं भरलेलं शेत तिने ओळीने बुडवलं, तेव्हा पोर रडायला लागली. "आई, तू मुद्दाम करतेस!"

"खाडी मुद्दाम काय करत नाय," ताई म्हणाली. "जिथे कमी तिथे ती जाते. तू बांधावर काय टाकलंस, ते बघ."

तिचा चेहरा तेव्हा मला बघवला नाही. मी नंतर म्हटलंही, "पोरीशी असं कशाला खेळतेस?" ती भांडी घासत राहिली.

शांताराम पहिल्यांदा आला तो बऱ्याच वर्षांनी. कोकण रेल्वेची गाडी तेव्हा नुकती सुरू झाली होती आणि मी रोह्याला त्या रविवारी होते. दारात तांदळाचं पोतं ठेवून तो उभा राहिला. "वयनी, दादाच्या शेतात औंदा पहिल्यांदा पीक आलं. तुमच्या वाटणीचं हाय." ताईने पोत्याकडे पाहिलं नाही. तो परत फिरणार, तेवढ्यात वैशू म्हणाली, "काका, आम्हाला एक माणूस कमी पडतोय." तिला काय कळत होतं आणि काय नाही, मला आजही सांगता येणार नाही.

तो बसला. वैशूने नियम सांगितले. पटावर काय काढलंय हे त्याने ओळखलं असणार, कारण त्याने आपल्या शेतात एकही चिंचोका पेरला नाही. दर पाळीला सगळे बांधावर. आम्ही बाकीच्या शेतं भरत होतो. ताई कवड्या टाकत होती. शेवटी मोठी भरती आली आणि ती त्याने भरलेल्या जागी न जाता शेजारून आत शिरली. त्याचं रिकामं शेतही बुडालं.

"एकट्याने भरून पुरतं काय, वयनी?" तो म्हणाला.

"तेच ओरडत होते ते बांधावरून," ताई म्हणाली. "तुम्हाला ऐकू आलं व्हतं?"

मग तो म्हणाला, "आलं व्हतं. म्हटलं, बैल सोडतो नि जातो. दोन दाव्यांचं तर काम व्हतं…" ताईने त्याला पाणी दिलं नाही, जा म्हणालीही नाही. पटावरच्या शिंपल्या गोळा केल्या आणि नव्याने मांडायला लागली. त्या दिवसापासून तो महिन्या-दीड महिन्याने येत राहिला. येई, खेळे, चहा घेऊन शेवटची गाडी धरे. त्या दुपारचा विषय पुन्हा निघाला नाही. ताईने त्याला माफ केलं असं लोक म्हणतात. मी तसं म्हणणार नाही. त्याने आणलेला तांदूळ तिने एकदाही शिजवला नाही, रशिदाभाभींना देऊन टाकायची.

शेवटचा डाव याच दिवाळीनंतरचा. तिला बसवत नव्हतं, भिंतीला उशी लावून टेकवली होती. तिने शिंपल्या उचलून शांतारामपुढे ठेवल्या.

"मी नाय होणार खाडी," तो म्हणाला.

"कोणीतरी व्हायलाच लागतं."

आम्ही तिला शेतकरी होऊन खेळताना पहिल्यांदाच पाहिलं. ती सगळे चिंचोके बांधावर टाकत होती. आणि शांताराम भरती आली की मुद्दाम बांध भक्कम असेल तिथेच जात होता. दोन वेळा तिने बघितलं. तिसऱ्यांदा तिचा आवाज एवढा चढला की रशिदाभाभी दचकल्या. "खोटं खेळू नका! माझी कीव नको मला. पाणी असं वागतं काय?"

त्याने शिंपली उचलली आणि तिच्या शेतासमोरच्या रिकाम्या जागी ठेवली. बांध गेला. ताईने ते बुडालेलं शेत खूप वेळ पाहिलं. "हां… असं," म्हणाली, आणि डोळे मिटून घेतले. पुढच्या आठवड्यात ती गेली.

खोली आता सोडली आहे. पट रशिदाभाभींकडे आहे, वैशूने तो मागितला नाही. वैशू माझ्याकडे पेणला राहते, कॉलेजला जाते, नीट जेवते, हसतेही. परवा अमावास्या होती. दुपारी आम्ही दोघी जेवायला बसलो, भात वाढला, आणि तिने हात ताटाजवळून मागे घेतला. "मावशी, आता पाणी बांधाला लागलं असेल," म्हणाली. मला आठवलं. ताईही हेच करायची. दर अमावास्या-पुनवेला, कंपनीची सुट्टी असेल तर घरी, नाहीतर पॅकिंगच्या टेबलापाशी, ती त्या वेळी तोंडात घास घालत नसे. कोणाला कारण सांगत नसे. आम्ही विचारणं सोडून दिलं होतं.

मी माझंही ताट बाजूला सारलं. आम्ही दोघी बसून राहिलो. बाहेर ऊन होतं, रस्त्यावरून एस.टी. जात होत्या, शेजारी कोणाचा तरी टीव्ही चालू होता. पुष्कळ वेळाने वैशू म्हणाली, "उतरलं असेल आता."

मग आम्ही तो गार भात जेवलो.