सुरतला जायचा प्लॅन, थांब्यांसकट

रविवारी सकाळी जळगावच्या घरात मी सासऱ्यांसमोर मोबाईल धरून बसले होते आणि स्वतःवर जाम खूश होते. जळगाव ते सुरत, आमच्या इलेक्ट्रिक गाडीने, आणि चार्जिंगसाठी फक्त एकच थांबा! साक्रीला. बास.

जायचं होतं अक्कांकडे. अक्का म्हणजे नानांची, माझ्या सासऱ्यांची, थोरली बहीण. खुब्याचं हाड मोडलं तेव्हापासून त्या अंथरुणालाच आहेत... रोज फोनवर अहिराणीत एकच विचारणं, कधी येशील म्हणून, "कवय येशी रे भाऊ?" आणि फोन ठेवला की नाना कॅलेंडर चाळत बसायचे.

पण निघायचं नाव काढलं की काहीतरी फाटा. बसने नको, ट्रेनने नको, भाड्याच्या गाडीने तर नकोच. माझा नवरा नोकरीसाठी पुण्यात, त्यामुळे नेणार मीच. आम्ही दोघंच, सून आणि सासरा.

महिनाभरापूर्वी गाडी घेतली तेव्हा मी घाबरत घाबरत पहिला प्लॅन केला होता. धुळे, साक्री, नवापूर, बारडोली, सगळीकडे थांबायचं, कारण मधे कोंडाईबारीचा घाट आणि माझा बॅटरीवर काडीचा विश्वास नाही. शेजारच्या काकू म्हणाल्याही, "अगं, यापेक्षा बैलगाडी लवकर पोचेल!"

नाना मात्र त्या दिवशी चक्क हो म्हणाले. एवढंच नाही, तर धुळ्याला चार्जर हॉटेलात आहे का, आत बसायची सोय आहे का, नवापूरला किती वेळ लागेल, असं खोदून खोदून विचारलं. मला वाटलं, म्हाताऱ्याला नव्या गाडीची हौस आहे!

मग माझ्यातली हुशारी जागी झाली. व्हिडिओ पाहिले, गाडीवाल्यांच्या ग्रुपवर लोकांचं डोकं खाल्लं, एसी किती ठेवायचा, वेग किती ठेवायचा सगळं शिकले आणि थांबे छाटत छाटत एकावर आणले. म्हटलं, नानांना किती आनंद होईल...

नानांचं तोंड एवढंसं झालं. मोबाईलकडे बघत म्हणाले, "वैशाली, राहू दे. माझे गुडघे दुखताहेत. तूच जाऊन ये, अक्कासाठी साडी देतो."

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. महिनाभर मरमर करायची आणि ऐनवेळी गुडघे? नवऱ्याला फोन करून त्याच्या वडिलांवरचा सगळा राग त्याच्यावर काढला. त्यालाही माशी कुठे शिंकली ते कळेना.

त्याच दुपारी असोद्याला नातेवाइकांकडे बारसं होतं. निघताना मी नानांना चहा दिला तर नको म्हणाले. पाणी दिलं, ते तसंच बाजूला ठेवलं. उन्हाचे दिवस, आणि हा माणूस घशाला कोरड पडलेली असताना पाणी पीत नाही!

असोदा काय, जळगावला लागूनच. पण आम्ही पोचलो तशी नानांनी यजमानांना बाजूला घेऊन हळूच काही विचारलं आणि लगबगीने घरामागे गेले. परत आले ते अगदी मोकळ्या चेहऱ्याने, आणि दोन ग्लास पाणी घटाघटा प्यायले.

मी पाळण्याजवळ हातात घुगऱ्या घेऊन उभी होते... आणि तिथेच मला सगळं कळलं.

प्रोस्टेटच्या गोळ्या मीच तर आणते मेडिकलमधून! त्यांना तासातासाला बाथरूमला जावं लागतं. बसमध्ये कंडक्टरला सांगायची लाज, ट्रेनमध्ये सगळ्यांसमोर सारखं उठून जायची लाज, परक्या ड्रायव्हरला सांगायची लाज. आणि सुनेला? सुनेला "गाडी थांबव" म्हणण्यापेक्षा ते बहिणीची भेट सोडून देतील. आमच्या घरात राजकारणावर सासरा-सून कडाकडा भांडतात, पण हा विषय... नाही. मलाही तो काढता आला नसता, खोटं कशाला बोलू?

चार्जिंगच्या थांब्यांवर मात्र कुणाला काही सांगावं लागत नव्हतं. गाडीला गरज आहे म्हणून थांबायचं, उतरायचं, पाय मोकळे करायचे. आणि मी शहाणी एकेक थांबा पुसत बसले होते! त्या रात्री खूप वाईट वाटलं.

सोमवारी सकाळी मी पुन्हा मोबाईल घेऊन त्यांच्यासमोर बसले.

"नाना, माझा प्लॅन चुकला. एवढी ताणून गाडी चालवणं बरं नाही म्हणे. पहिल्यासारखं चार ठिकाणी थांबावं लागेल."

"पण गाडी तर नवी आहे ना?"

"नवी आहे म्हणून तर जपायची."

नानांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. माझ्याकडे पाहिलं नाही. "मग जपायलाच पाहिजे," म्हणाले.

थोड्या वेळाने ओट्यापाशी पोळ्या लाटताना मला बाहेरून त्यांचा आवाज ऐकू आला. फोनवर, येतोय म्हणून खणखणीत सांगत होते. "अक्का, यी ऱ्हायनू मी! हां... शनिवारले. उशीर व्हई पन. गाडी जराशी नाजूक शे, तिले घडीघडी थांबनं पडस."

मी लाटणं ठेवलं आणि पदराने डोळे पुसले. पिठाचा हात डोळ्याला लागला ते वेगळंच.

फोन झाल्यावर नाना स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. जरा घुटमळले. मग कॅलेंडरकडे बघत म्हणाले, "मी काय म्हणतो... धुळ्याच्या आधी पारोळ्यालाही पाच मिनिटं थांबवली, तर बॅटरीला बरं पडेल का गं?"

"पडेल, नाना," मी म्हटलं. "फार बरं पडेल."

शनिवारी पहाटे निघतोय आम्ही. ही गाडी मधेमधे दमते, त्याबद्दल ती बनवणाऱ्यांचे मनापासून आभार.