मार्लीसच्या घराचे चार दोर

मार्लीसच्या कॅम्परचे दोर आपण बदलून दिले, असं गार्लंड अजून सांगत फिरतो. कॉफीचा मग हातात आला की त्याचं हे पुराण सुरू. ऐकून ऐकून माझे कान किटले. मी तिथे होतो, म्हणून काय घडलं ते एकदा लिहूनच ठेवतो.

मार्लीस टेंगविक एकाहत्तर वर्षांची. ॲरिझोनाच्या या वाळवंटात आम्ही म्हातारे दर हिवाळ्याला गाड्या घेऊन येतो आणि वसंतात आपापल्या घरी जातो. मार्लीसला परत जायला दुसरं घर नाही. पिकअप ट्रकच्या पाठीवर बसते ती एक खोली, तो कॅम्पर, हेच तिचं घर. ट्रक मोकळा हवा असला की कोपऱ्यांवरचे चार जॅक हँडलने फिरवायचे, खोली वर उचलली जाते, ट्रक खालून निघून जातो. बाकीच्यांचे जॅक आता बटणावर चालतात. तिचे जुने. प्रत्येक जॅकच्या खांबात एक पोलादी दोर, आणि चार दोरांवर सगळा संसार.

त्या जानेवारीत एका दोराच्या तारा तुटून काट्यांसारख्या बाहेर आल्या. तिने काय करावं? खोली अगदी सावकाश उचलत नेली आणि खाली ओकच्या ठोकळ्यांच्या चार थप्प्या रचल्या. भार ठोकळ्यांवर टेकवला, ट्रक काढला आणि नवा दोर आणायला नदीपलीकडच्या गावात गेली. चारही दोर बदलायचे होते तिला. एकच नवा घातला तर तो भाराने लांबतो, जुने लांबत नाहीत, आणि खोली तिरकी होते.

तिथल्या दुकानदाराने तिला विचारलं, "यातलं समजणारं घरात कोणी नाही का? नवऱ्याला पाठवा."

आता हे कोणाला विचारलं बघा. वॉशिंग्टन राज्याच्या ओल्या जंगलात, लाकूडतोडीच्या अड्ड्यावर, या बाईने सव्वीस वर्षं मनगटाएवढे पोलादी दोर गुंफले. डोंगरावरून ओंडके खाली यायचे ते तिने गुंफलेल्या दोरांवर. एकदा नव्या साहेबाने तिच्या गाठीवर शंका घेतली, तर ही बाई त्याच दोराला लटकून घळ ओलांडून गेली आणि पलीकडे बसून डबा खाल्ला. एवढं करून कागदोपत्री तिचा हुद्दा शेवटपर्यंत 'मदतनीस'. कारागीर म्हणून सही ठोकायचा कोणी दुसराच. मला हे आठवलं की अजून घास कडू लागतो.

दुसऱ्या दुकानातून दोर घेऊन ती दुपार कलताना परतली. आम्ही पाचसहा जण शेकोटीभोवती बसलो होतो. तिची खोली चार जॅकवर उंच उभी, खाली काही नाही.

"ये ये, मार्लीस," गार्लंड म्हणाला. "तू दमणार, म्हणून आम्हीच उरकून टाकलं. माझ्या जीपचा, गाडी ओढायचा जुना पोलादी दोर होता, तो घातला."

"माझे ठोकळे कुठे आहेत?"

"कसले ठोकळे?"

"खोलीखाली होते ते."

गार्लंडने शेकोटीकडे पाहिलं. आम्हीही पाहिलं. आमच्या तळावर सांजेची शेकोटी सगळ्यांची असते आणि वाळवंटात लाकूड मिळत नाही, त्यामुळे सुटं पडलेलं लाकूड शेकोटीचंच, असं धरून चालतात. एक ठोकळा मीही उचलून आणला होता. खोटं कशाला सांगू.

मार्लीस जॅकपाशी वाकली. "दोराचं टोक दुमडून आवळलेले हे क्लँप कोणी लावले?"

"मीच," गार्लंड म्हणाला. "लोक तीन लावतात, मी चार लावले."

"चारही उलटे लावलेस. क्लँपची सपाट बाजू भार पेलणाऱ्या दोरावर हवी. तू तिथे वाकडी सळी आवळून दोर चेचलायस. दोन बोटं सरकलाय, आणि अजून सरकतोय."

"हे बघ, मी चाळीस वर्षं ट्रक चालवलेत."

"मग ट्रकच चालव."

तो कोपरा सुटला असता तर खोली तिथेच कोसळली असती, आणि मार्लीसला झोपायला ट्रकची सीट उरली असती.

ती आमच्याकडे वळली. "तुमच्या घरांखालच्या फळ्या आणा. सगळ्यांच्या."

चाकांखाली फळ्या घालून आम्ही आपापल्या गाड्या सपाट करतो. निमूटपणे काढून आणल्या. तिने एकालाही खोलीखाली हात घालू दिला नाही. लांब काठीने एकेक फळी आत ढकलली, थप्प्या खोलीला टेकल्यावर पाचरी ठोकल्या, मग जॅक सैल केले.

पुढचे तीन दिवस आम्ही सगळे तिरके जगलो. गार्लंडची बायको म्हणायची, "तव्यातलं अंडं घसरून एका कडेला जातं. जा, फळ्या परत मागून आण." तो जाईना. मार्लीस एकटी काम करत होती. चारही दोर शेजारीशेजारी ताणून एका मापाने कापले, दोर ज्यांवरून फिरतात त्या कप्प्यांना ग्रीस लावलं, क्लँप सुलट आवळले, आणि प्रत्येक दोरावर क्लँपच्या कडेला नखांच्या लाल रंगाची रेघ ओढली.

चौथ्या दिवशी तिने आम्हाला चार हँडलांपाशी उभं केलं. "मी म्हणेन तेव्हा पाव फेरा. गार्लंड, पाव म्हणजे पाव." खोली पातळीत उचलली गेली. तिने फळ्या काढून परत दिल्या, खोली रात्रभर तशीच लटकत ठेवली आणि स्वतः ट्रकमध्ये झोपली.

सकाळी तिने चारही रेघा पाहिल्या. एकही क्लँपपासून हललेली नव्हती. शिडी लावून ती आत गेली आणि दार लावून घेतलं.

गार्लंड बाहेर मला म्हणाला, "माझाही टिकला असता." चार दिवसांत 'चुकलं' हा शब्द एकाच्याही तोंडून निघाला नव्हता. माझ्याही नाही. मी शिडी चढलो, दार वाजवलं आणि म्हणालो, "मार्लीस, एक ठोकळा मी जाळला. चुकलं माझं."

"आत ये, एल्डन," ती म्हणाली. "बुटांची वाळू झाड आधी."

मी दोन्ही पाय आत टाकले. खोली तसूभरही हलली नाही.