पाचव्या होलची जागा

संघप्रिया मेश्राम मूल गावची. तिनं शेतकीची पदवी घेतली तेव्हा घरच्यांना वाटलं, पोरगी आता धानावरच काहीतरी करणार. नोकरी लागली ती चंद्रपूरजवळच्या एका खाण-वसाहतीत, गोल्फचं मैदान सांभाळायची. "गवतच वाढवाचं होतं तं आपल्या बांधीत का कमी होतं?" असं तिची आई, अंजनाबाई, अजूनही म्हणते.

यंदा फेब्रुवारीत राज्य अजिंक्यपद स्पर्धा पहिल्यांदाच या मैदानावर ठरली आणि संघप्रियाची झोप उडाली. गवत किती ठेवायचं, पाणी किती द्यायचं, रोज होल, म्हणजे चेंडू पडायचा खड्डा, कुठं कापायचं, हे सगळं तिनंच ठरवायचं होतं. स्पर्धा समितीचे अध्यक्ष भोयरसाहेब एवढंच म्हणाले, "सोपं ठेवू नका. बाहेरची मंडळी येतात आणि आपल्या मैदानाला बगीचा म्हणतात. या वेळी घाम फुटला पाहिजे."

घाम फोडायला तिची ना नव्हती. फक्त चांगला फटका वाया जाऊ नये आणि नशिबावर कोणी जिंकू नये, एवढं तिला हवं होतं. पण अवघड कुठं संपतं आणि अन्याय कुठं सुरू होतो, ते तिला कोण सांगणार? जेवताना घास हातातच राहायचा. चालता चालता ती वाकून गवत चाचपायची.

पहिले दोन दिवस नीट गेले. शेवटच्या दिवसासाठी तिनं पाचव्या होलची जागा उतारावर निवडली. होलभोवतीच्या हिरवळीला, ग्रीनला, आदल्या संध्याकाळी पाणी दिलं नाही; चेंडू झरझर पळावा म्हणून गवतही अगदी बारीक कापलं. सकाळी तिनं चेंडू सोडून पाहिले. ते होलच्या बाजूला जाऊन थांबले.

"कसं वाटते, लहानूभाऊ?" तिनं जुन्या माळ्याला विचारलं.

"मस्त हाय, ताई. राहू द्या," लहानू म्हणाला.

ऊन चढलं आणि कोरडा वारा सुटला. गवत बघता बघता करडं पडलं. थोड्या वेळानं लहानू धापा टाकत आला.

"ताई, पाचव्यावर चला. चेंडू थांबूनच नाई राह्यला!"

आरमोरीचा लोकेश उसेंडी ग्रीनवर उभा होता. त्यानं हलक्या हातानं चेंडू ढकलला. चेंडू होलपर्यंत गेला, काठाशी रेंगाळला आणि उतारावरून परत त्याच्या पायाशी आला. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदाही तेच. लोकेशनं संघप्रियाकडे नुसतं पाहिलं आणि तिला तिथून पळून जावंसं वाटलं.

तिनं खेळ थांबवायला सांगितलं. भोयरसाहेब धावत आले.

"पाणी मारा आणि सुरू करा," ते म्हणाले.

"साहेब, निम्मे जण सकाळी इथून आरामात खेळून गेले. काही जण आत्ता इथं बुडाले. आता ओल्यावर खेळणारे तिसरे. एकाच दिवशी तीन मैदानं झाली ना."

"मग होल हलवा."

"खेळ सुरू असताना जागा बदलली तरी तेच होते."

"मग म्हणता काय तुम्ही?"

"आजचा खेळ रद्द करा. उद्या सगळे पुन्हा खेळतील. जागा मी चुकीची निवडली, हे मीच त्यांना सांगते."

भोयरसाहेबांनी टोपी काढून कपाळ पुसलं. मग त्यांनी पंचांना बोलावलं. पंचांनी स्वतः चेंडू ढकलून पाहिला आणि आजचा खेळ रद्द केला.

मंडपात जमलेल्या खेळाडूंपुढं ती दोनच वाक्यं बोलली, तीही अडखळत. प्रफुल वासनिक ताडकन उठला. सकाळच्या गारव्यात तो आयुष्यातला सगळ्यात चांगला खेळ खेळून आला होता आणि पहिल्या नंबरवर होता.

"मी काऊन भोगू? माझा चेंडू तर थांबला होता!"

त्याचं म्हणणं खोटं नव्हतंच.

संध्याकाळी तिनं ग्रीनवर पाणी सोडलं. पहाटे होल मधल्या सपाटीवर कापलं. आता फार सोपं तर झालं नाही ना, ही नवीच धास्ती. दिवसभर ती पाचव्यापासून हलली नाही. वाऱ्याची झुळूक आली तरी दचकायची. पण चेंडू थांबत होते. नेमका मारला तर आत जायचा, घाई केली तर पुढं निघून जायचा.

पुण्याचा एक खेळाडू जिंकला. लोकेशला चषक मिळाला नाही, पण जाताना तो "येतो, ताई" म्हणाला. प्रफुल सहावा आला. गाडीत सामान ठेवून तो तिच्याकडे आला.

"तुम्ही बरोबर केलं असंल, मॅडम. पण तसा दिवस मले पुन्हा नाई भेटत."

"हो," ती म्हणाली. त्याची गाडी फाटकाबाहेर जाईपर्यंत ती तिथंच उभी होती.

महिन्याभरानं भोयरसाहेबांचा फोन आला. पुढल्या वर्षीची स्पर्धाही इथंच होणार होती.

"मैदान तुम्हीच लावायचं," ते म्हणाले.

"लावते. पण होलच्या जागा सकाळी पाहून ठरवणार नाही. आधीच्या दिवशी भर उन्हात, एखाद्या खेळाडूला सोबत घेऊन पाहीन."

"चालेल."

फोन ठेवला आणि ती पाचव्याच्या ग्रीनवर जाऊन वाकून गवत चाचपू लागली. फेब्रुवारीला अजून बराच अवकाश होता.