रविवार सकाळची कॅन्टीना

विलास गेला हे चारकोपात तासाभरात सगळ्यांना कळलं. राहिला होता फक्त एक गुत्ता... मेक्सिकोतल्या पुएब्ला शहरातला. त्याची बायको, मंदावहिनी, म्हणाली, "भावोजी, तुम्हीच लावा फोन. माझ्याने नाय होणार." मी लावला, फोनमधल्या भाषांतराला एकच वाक्य सांगितलं, आणि पलीकडे तिथला मालक रामोन नुसता "नो, नो" करत राहिला.

विलास माझा शाळेपासूनचा दोस्त, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत फिटर. दोन वर्षांसाठी म्हणून पुएब्लाला गेला, दोनाची आठ-नऊ कधी झाली कळलंच नाही. इथे त्याची आई अंथरुणाला खिळलेली, म्हणून मंदावहिनी चारकोपातच. सुट्टीवर आला की गडी एकाच गोष्टीवर सुटायचा, त्याच्या गल्लीतली कॅन्टीना! "अरे, आपल्यासारखा बार नाही रे तो! एक बिअर सांगायची, की खाणं फुकट! पहिलीला शेंगदाणे, दुसरीला सूप, तिसरीला चक्क कोळंबी! आणि मी आत शिरलो की अख्खी कॅन्टीना ओरडते, 'बिलास!' यार, इथे सोसायटीचा वॉचमन पण मला ओळखत नाही." वहिनी आत भांडी आपटायची. तिच्या लेखी तो गुत्ताच, आणि त्या गुत्त्याने तिचा नवरा ठेवून घेतला होता.

किडन्यांनी दगा दिला तेव्हा तो परत आला. आई तोवर गेली होती. डॉक्टरांनी प्रवास बंद केला, आणि ह्याला एकच ध्यास, एकदा कॅन्टीनेतल्या आपल्या टेबलावर बसायचं. मग मीच डोकं लढवलं. तिथली शनिवारची रात्र म्हणजे आपली रविवारची सकाळ! टीपॉयवर फोन उभा केला. तिकडे डोमिनोचा डाव मांडला, विलासच्या वाट्याच्या सोंगट्या फोनकडे तोंड करून. हा इथून सांगणार, रामोन तिथे चाल करणार. झकास! पहिल्याच डावात रामोनने भलतीच सोंगटी टाकली आणि सगळं टेबल एका सुरात ओरडलं, "डोळे फुटले काय!" चक्क मराठीत! हे तर वहिनीचं वाक्य, लग्नापासून विलासच्या डोक्यावर आदळणारं. वहिनी झारा घेऊनच बाहेर आली. "ह्या लोकांना कोणी शिकवलं हे?" विलास असा लाजला, शपथ सांगतो, स्वतःच्या लग्नातही एवढा लाजला नव्हता.

मग काय विचारता! पुढच्या रविवारी रामोनने कोळंबीची बशी फोनपुढे नाचवली, तर वहिनीने कुरकुरीत बोंबील नाचवले. त्याने रस्सा दाखवला, हिने वडे. विलासला त्यातलं काहीच चालत नव्हतं, सगळं माझ्या पोटात. पण तो हसून हसून धापा टाकायचा... हा माणूस आता थोडे दिवसच आहे, हे त्या सकाळी माझ्या डोक्यातही यायचं नाही.

तेरावं झालं, आणि त्यानंतरच्या रविवारी फोन वाजला. तिकडे टेबल गच्च भरलेलं. वहिनी विलासच्या जागेवर बसली, पण डावाकडे बघेना. मला म्हणाली, "विचारा त्यांना. एवढं सगळं तिथे होतं, तर तो परत कशाला आला? आजारी पडला म्हणून, की माझ्यासाठी?" हे तिला विलासलाच विचारायचं होतं, पण त्याच्यासमोर तिची जीभ रेटली नव्हती.

रामोन बराच वेळ बोलला. मग फोन मराठीत बोलू लागला, "आम्ही म्हटलं, इथेच राहा. डॉक्टर चांगले आहेत, आम्ही सगळे तुझं बघू. तो म्हणाला, तुम्ही फार चांगले आहात रे. पण मला आता माझ्यावर ओरडणारं माणूस पाहिजे."

वहिनीने पदर तोंडाला लावला. मग एकदम उसळली, फोन हातात घेऊन रामोनवरच ओरडली, "मग आधी का नाय धाडलात त्याला?"

ते मी भाषांतराला दिलंच नाही. तरी रामोनने डोक्यावरची टोपी काढली.